थंड डिझेल लोको सुरू होताना नेमके काय घडते?

प्रश्न डोंबिवलीच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याचा आहे. कल्याण यार्डात त्याने जोडीने उभे असलेले दोन डिझेल लोको पाहिले. त्यांतला एक चालू होता, दुसरा बंद. बंद लोको सुरू करण्याआधी दोघे कर्मचारी हातात विजेरी घेऊन बराच वेळ त्याच्याभोवती आणि इंजिनकक्षात फिरत राहिले. मग काही सेकंद जड घरघर झाली, सगळा सांगाडा हादरला, आधी पांढरा आणि पुढे नॉच (इंजिनाची ताकद वाढवण्याची पायरी) वाढवल्यावर काळा धूर निघाला. त्याचे विचारणे असे, की हा इतका वेळ कशासाठी लागतो; ईएमडी या अमेरिकी कंपनीच्या बनावटीचा लोको फारसा न थरथरता शिट्टीसारखा आवाज करत कसा सुरू होतो; ही इंजिने तासन्‌तास चालूच का ठेवतात; आणि रेल्वेप्रेमींना हे सगळे जवळून पाहायला आणि नोंदवायला मिळू शकते का.

माझी नोकरी मुंबई परिसरात डिझेल लोकोंच्या देखभालीत आणि पुढे लोको पायलटांना शिकवण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सोयीसाठी संपूर्ण वाहनाला लोको म्हणतो आणि त्यातल्या डिझेल यंत्राला इंजिन. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर, ते दोघे विजेरी घेऊन फिरत होते तेव्हाच लोको सुरू करण्याचे काम चालू झालेले होते. बटण हा त्या कामाचा शेवटचा आणि सर्वांत छोटा भाग असतो, आणि बटण दाबल्यावर जे ऐकू येते व दिसते ते सगळे आधीच्या त्या शांत तपासणीवर अवलंबून असते.

बंद लोकोकडे जाताना पहिली गोष्ट पाहायची ती इंजिन नव्हे, चाके. लोकोचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो आणि ती हवा इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर पुरवतो. इंजिन बंद राहिले की टाक्यांतली हवा हळूहळू झिरपून जाते. म्हणजे बऱ्याच वेळापासून बंद असलेल्या लोकोला प्रत्यक्षात ब्रेक नसतोच, मग ब्रेकची मूठ कुठल्याही स्थितीत असो. म्हणून हँडब्रेक आवळलेला आहे का आणि चाकांखाली लाकडी गुटके लावलेले आहेत का, हे आधी पाहायचे. कल्याणचे यार्ड डोळ्यांना सपाट दिसते, पण शंभर टनांहून जड लोको सरकायला डोळ्यांना दिसेल इतका उतार लागत नाही.

त्यानंतर पाणी, तेल आणि इंधन. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची पातळी एक्स्पान्शन टाकीच्या काचेत पाहायची, इंजिनाचा वेग आणि इंधन सांभाळणाऱ्या गव्हर्नरच्या छोट्या काचेत त्याचे तेल पाहायचे, कॉम्प्रेसरचे तेल पाहायचे, आणि सम्पची, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या तेलसाठ्याची, डिपस्टिक काढून, पुसून, पुन्हा घालून वाचायची. इथे नवशिक्याचा एक गैरसमज होतो. थांबलेल्या इंजिनात वरचे सगळे तेल निथळून सम्पमध्ये आलेले असते, त्यामुळे पातळी खऱ्यापेक्षा चांगली दिसते. इंजिन चालू झाल्यावर तीच डिपस्टिक पुन्हा वाचल्याशिवाय तेल पुरेसे आहे असे म्हणता येत नाही. पातळीपेक्षाही मी शिकाऊ मुलांना तेलाकडे नीट पाहायला सांगत असे. ते दोन बोटांत चोळले की इंधन मिसळून पातळ झाले आहे का हे कळते, आणि दुधाळ छटा दिसली तर कुठून तरी पाणी शिरले आहे. अशा वेळी बटणापर्यंत जायचेच नाही. ओव्हरस्पीड ट्रिपचा (वेग मर्यादेबाहेर गेला की इंजिन बंद करणारा) खटका आधीच्या वेळी पडलेला असेल तर तो पूर्ववत करायचा, आणि गव्हर्नरवरचे कमी तेलदाबाचे बटण बाहेर आलेले असेल तर ते आत ढकलण्यापूर्वी ते का बाहेर आले हे लॉग बुकमध्ये शोधायचे. लॉग बुक न वाचता इंजिन सुरू करणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी माझ्या लेखी अर्धवट तपासणी करणारा.

आता सर्वांत महत्त्वाच्या आणि बाहेरून सर्वांत कमी दिसणाऱ्या कामाकडे येतो. इंजिन काही दिवस बंद असेल, तर ते बॅटरीने फिरवण्याआधी हाताने फिरवून पाहतात. शेडमध्ये याला बारिंग करणे म्हणतात. अल्को या अमेरिकी कंपनीच्या आराखड्यावरच्या, तुम्ही पाहिलेल्या जोडीसारख्या, इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडर हेडला एक डिकम्प्रेशन प्लग असतो. ते सगळे प्लग उघडायचे आणि बारिंगच्या दांड्याने क्रँकशाफ्ट हळूहळू, पूर्ण फेऱ्यांनी फिरवायचा. कारण असे, की हेडला सूक्ष्म तडा असेल, लायनरचे (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याचे) सील गळत असेल किंवा आत जाणारी हवा गार करणारा आफ्टरकूलर पाझरत असेल, तर उभ्या इंजिनात थेंब थेंब पाणी पिस्टनच्या डोक्यावर साठते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर आला, सगळे व्हॉल्व्ह बंद असले आणि वर पाणी असले, तर बॅटरीच्या जोराने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टला जाण्यासाठी वाटच उरत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तेवढ्या एका वाकलेल्या रॉडपायी लोको कित्येक दिवस शेडमध्ये अडकून पडतो. प्लग उघडे असले की ते पाणी भोकातून बाहेर उडते. विजेरी धरलेला माणूस नेमके तेच पाहत असतो, कुठल्या सिलिंडरच्या भोकाशी ओल आली. कोरडी हवा सुस्कारत बाहेर पडली तर पुढचा सिलिंडर, थेंब आले तर तिथेच थांबायचे आणि लोको दुरुस्तीला द्यायचा.

मुंबईच्या पावसात या कामाला आणखी एक कारण मिळते. उभ्या लोकोच्या चिमणीतून पावसाचे पाणी आत शिरू शकते, म्हणून बंद ठेवायच्या लोकोची चिमणी झाकून ठेवतात. जून ते सप्टेंबर या काळात हे झाकण लावले होते का, आणि आता काढले का, हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात. दमट, खारट हवेत बॅटरीच्या टोकांवर गंजाचा पापुद्रा चढतो, तोही याच दिवसांत जास्त. इंजिन फिरत नाही म्हणून तक्रार यायची आणि कारण निघायचे एका टोकावर चढलेला हिरवट-पांढरा थर, हे आमच्याकडे नेहमीचे होते.

बॅटरीचा विषय निघालाच आहे तर क्रँकिंगबद्दल लिहितो, कारण तुम्ही ऐकलेली जड घरघर त्याचीच होती. अल्को लोकोची बॅटरी 64 व्होल्टची असते, एकूण 32 सेलची. एवढ्या बळावर सोळा सिलिंडरांचे, प्रत्येक पिस्टन 9 इंच व्यासाचा आणि साडेदहा इंच धावणारा, असे यंत्र फिरवायचे असते. डब्ल्यूडीएम-2 या जुन्या अल्को वर्गात यासाठी वेगळी स्टार्टर मोटर नाही. जो मोठा जनरेटर एरवी चाकांवरच्या मोटरांना वीज देतो, त्यालाच काही सेकंद बॅटरीची वीज देऊन मोटर म्हणून फिरवतात आणि तो क्रँकशाफ्टला ओढतो. पुढच्या डब्ल्यूडीएम-3ए, डब्ल्यूडीएम-3डी या लोकोंत जनरेटरच्या जागी अल्टरनेटर आला. तो असा उलटा चालवता येत नाही, म्हणून तिथे ऑक्झिलरी जनरेटर आणि एक्सायटर (अल्टरनेटरला चुंबकत्व देणारे छोटे जनित्र) हे दोघे मिळून मोटरचे काम करतात. तुम्ही कल्याणला पाहिलेली जोडी बहुधा 3डी असावी. 3300 अश्वशक्तीचा हा वर्ग 2003 पासूनचा, आणि कल्याण शेडचे नाव रेल्वेप्रेमींमध्ये त्याच्याशीच जोडलेले आहे.

क्रम असा असतो. बॅटरी स्विच लावून परिपथ जोडायचा, इंधन पंपाचा आणि क्रँककेस एक्झॉस्टरचा ब्रेकर लावायचा. क्रँककेसमधली तेलाची वाफ बाहेर खेचणारा एक्झॉस्टर गुणगुणू लागतो आणि इंधनाचा दाब चढू लागतो. तो साधारण 4 किलोवर (प्रति चौरस सेंटीमीटर) स्थिर झाला पाहिजे. काटा थरथरत असेल तर नळीत हवा आहे. रिव्हर्सर (पुढे-मागे दिशा ठरवणारी मूठ) मधल्या स्थितीत, चाकांकडे वीज जाऊ देणारा जनरेटर फील्डचा स्विच बंद, इंजिन कंट्रोल स्विच आयडलवर, म्हणजे बिनभाराच्या सर्वांत कमी वेगावर. मग सहायकाने इंजिनजवळ कोणी नाही याची मोठ्याने खात्री करून घ्यायची आणि त्याचा होकार आल्यावरच स्टार्टचे बटण दाबायचे. आधी कॉन्टॅक्टरचा (विजेच्या मोठ्या स्विचचा) खणखणीत ठोका ऐकू येतो, कॅबमधला दिवा मंदावतो, आणि तळातून ती घरघर सुरू होते.

पहिल्या काही फेऱ्यांत इंजिन पेट घेत नाही आणि ते योग्यच आहे. गव्हर्नर तेलाच्या दाबावर चालतो. त्याच्या आतल्या तेलाला दाब आला की इंधन पंपांचे रॅक पुढे सरकतात, आणि तेव्हा कुठे इंजेक्टरांतून डिझेल फवारले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. डब्ल्यूडीएम-2 मधले अल्कोचे 251बी इंजिन हवा साधारण साडेबारा पट दाबते. इंजिन गार असेल तर ती उष्णता लोखंड शोषून घेते, म्हणून सोळाही सिलिंडर एका वेळी पेटत नाहीत. दोन-तीन पेटतात, बाकीचे नुसते फिरतात, मग आणखी काही त्यांना येऊन मिळतात. सांगाड्याला बसलेला जो हादरा तुम्ही पाहिलात तो या असमान पेटण्याचा होता, आणि पांढरा धूर म्हणजे न पेटलेल्या सिलिंडरांतून आलेली डिझेलची वाफ. सगळे सिलिंडर लागले की हादरा ओसरतो आणि पांढरा धूरही विरतो. तो विरला नाही, तर एखादा सिलिंडर अजून मागे आहे किंवा पाणी जळते आहे.

इंजिन लागले म्हणून बटणावरून लगेच बोट काढायचे नाही. लुब ऑइलचा दाब ठरलेल्या पातळीपर्यंत चढला की मगच सोडायचे. नाहीतर तेलदाबाची सुरक्षायंत्रणा इंधन तोडते आणि इंजिन पुन्हा बसते. उलट, इंजिन लागतच नसेल तर हट्टाने बटण धरून ठेवायचे नाही, कारण बॅटरी उतरते आणि मोटरचे काम करणारी यंत्रे तापतात. थोडे थांबून कारण शोधायचे आणि मग पुन्हा प्रयत्न करायचा. तेलदाबाचा काटा हे या क्षणी कॅबमधले सर्वांत महत्त्वाचे दृश्य असते. चांगल्या इंजिनात तो अडखळत नाही, एका दमात वर जातो.

त्यानंतरचा थोडा वेळ मी इंजिनकक्षात काढायला लावत असे. प्रत्येक सिलिंडरच्या इंधन नळीवर बोट ठेवले की पंपाचा ठोका जाणवतो. एखाद्या नळीत तो मऊ लागला तर तो सिलिंडर कमी काम करतो आहे. मग डिपस्टिक पुन्हा वाचायची. इकडे कॉम्प्रेसर हवा भरत असतो आणि मेन रिझर्व्हायरचा दाब चढत असतो. तो 8 ते 10 किलोंच्या दरम्यान आला, ब्रेक पाइपला 5 किलो मिळाले आणि ब्रेक लावून-सोडून पाहिला, की मग चाकांखालचे गुटके काढायचे. अल्कोमध्ये कॉम्प्रेसर थेट इंजिनाच्या शाफ्टवर फिरतो, त्यामुळे हवा लवकर भरावी म्हणून फील्ड बंद ठेवून नॉच वाढवतात. जागेवर उभा असलेला लोको एकाएकी गर्जू लागतो तो यामुळे. तुम्हाला काळा धूर दिसला तो बहुधा याच वेळी. मात्र गाडीचा भार घ्यायचा तर पाणी 50 अंशांच्या आसपास तापेपर्यंत थांबावे. पिस्टन लवकर तापून फुगतो, लायनर उशिरा; घाई केली तर दोघांमधली फट संपते आणि एकमेकांवर ओरखडे उठतात.

काळ्या धुराचे कारण थेट टर्बोमध्ये, म्हणजे इंजिनात हवा दाबून घालणाऱ्या पंख्यामध्ये, आहे, आणि ईएमडीशी असलेला फरकही तिथूनच उलगडतो. अल्कोचा टर्बो फक्त धुराड्याकडे जाणाऱ्या वायूंवर फिरतो, क्रँकशाफ्टशी त्याचा काही संबंध नसतो. नॉच वाढवला की गव्हर्नर इंधन तत्काळ वाढवतो, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. त्या मधल्या काळात इंधन जास्त आणि हवा कमी, म्हणून काजळी. टर्बोची शीळ चढत गेली की धूर पातळ होतो. पुढच्या वेळी डोळे मिटून ऐका: आधी इंजिनाचा आवाज जड होतो, मागाहून शीळ चढते. या दोन्हींत जितके अंतर, तितका काळा धूर.

ईएमडीचे 710 इंजिन टू-स्ट्रोक आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन स्वतः हवा आत ओढत नाही, ती बाहेरून दाबाने घालावी लागते. त्यामुळे पहिल्या फेरीपासून हवा पुरवणारे काही तरी फिरतेच असावे लागते. म्हणून तिथला टर्बो सुरुवातीला गिअरने क्रँकशाफ्टलाच जोडलेला असतो, आणि वरच्या नॉचमध्ये धुराचा जोर पुरेसा झाला की क्लच सुटून तो स्वतःच्या बळावर फिरतो. तुम्ही ऐकलेली शिट्टी ही. अल्कोत ती वेगाबरोबर येते, ईएमडीत ती सुरुवातीपासून असते. शिवाय इथे हवा सोळा पट दाबली जाते, त्यामुळे गार इंजिनही लवकर लागते. फिरवण्यासाठी स्वतंत्र स्टार्टर मोटरी आहेत आणि सुरू करण्याची मूठ कॅबमध्ये नसून इंजिनाजवळ आहे. ती आधी प्राइमच्या बाजूला धरायची, परतीच्या काचेत बुडबुडे नसलेले स्वच्छ डिझेल दिसू लागले की स्टार्टकडे वळवायची. टर्बोच्या बेअरिंगला तेल देणारा एक छोटा विजेचा पंप आधीपासून चालू झालेला असतो, आणि इंजिन बंद केल्यावरही तो सुमारे अर्धा तास चालत राहतो, कारण तापलेल्या बेअरिंगवर तेल थांबले तर ते जळून घट्ट होते. बंद पडलेल्या ईएमडीतून बारीक गुणगुण का येते, असे मला अनेक रेल्वेप्रेमींनी विचारले आहे. ती या पंपाची.

तुमच्यासारख्याला आवडेल असा एक हिशेब देतो. डब्ल्यूडीएम-2 आयडलवर मिनिटाला 400 फेरे घेतो. फोर-स्ट्रोक असल्याने एका फेऱ्यात सोळांपैकी आठ सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला सुमारे 53 स्फोट. ईएमडी लो आयडलवर मिनिटाला 200 फेरे घेतो आणि एका फेऱ्यात सोळाही सिलिंडर पेटतात, म्हणजे पुन्हा तेच सेकंदाला 53. आकडा एकच, तरी कानाला दोन्ही आवाज पूर्ण वेगळे लागतात, कारण व्हॉल्व्ह, धुराच्या नळ्या आणि टर्बो यांची मांडणी वेगळी आहे. पूर्ण वेगाला मात्र वाटा फुटतात: अल्को 1000 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 133, ईएमडी 904 फेऱ्यांना सुमारे 241. आणखी एक. दोन्ही आयडलवर एकच सिलिंडर सेकंदाला तीन वेळांहून थोडा अधिक पेटतो. सलग आवाजाखाली त्या लयीत एखादा ठोका चुकल्यासारखा, पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल, तर एक सिलिंडर अशक्त आहे. जुने फिटर शेडच्या दारातून आत येतानाच हे सांगत असत, आणि नंतर इंधन नळीला बोट लावून नेमका सिलिंडर दाखवत. मोबाइलवर चांगले ध्वनिमुद्रण करणारा रेल्वेप्रेमी हे घरी बसून पडताळू शकतो, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

इंजिने चालूच का ठेवतात याचे कारण वरच्या मजकुरात जवळजवळ आलेच आहे. ती बंद झाली की हवा जाते, बॅटरीवर भरवसा ठेवावा लागतो आणि ही सगळी तपासणी पुन्हा करावी लागते. गाडी लगेच न्यायची असेल तर हे परवडत नाही. पण त्याची किंमतही आहे. आयडलवर मोठे इंजिन तासाला सुमारे 25 लिटर डिझेल पिते. म्हणून पुढे काही लोकोंत एपीयू नावाचे 25 अश्वशक्तीचे छोटे इंजिन बसवले गेले. ते बॅटरी आणि हवा सांभाळते आणि त्याला तासाला साधारण 3 लिटर पुरतात. फार वेळ आयडलवर ठेवलेल्या अल्कोच्या धुराड्यात तेल साठते आणि नंतर एकदम नॉच दिला की चिमणीतून ज्वाळा निघतात. अशा छायाचित्रांचे फार कौतुक होते. मला ते पाहून वाईट वाटते, कारण ती ज्वाळा त्या इंजिनाच्या दुखण्याची खूण असते. निळसर धूर दिसला तरी तसेच समजा, तिथे लुब ऑइल जळते आहे.

आता रेल्वेप्रेमाबद्दल. अल्को कंपनी 1969 मध्ये अमेरिकेत बंद पडली, पण 1962 मध्ये भारतात आलेला तिचा आराखडा वाराणसीच्या कारखान्याने 1964 पासून पुढे कित्येक दशके बांधला. त्या कारखान्याचे नाव 2020 मध्ये बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाले आणि आता तिथे मुख्यतः विद्युत लोको बनतात. मुंबईकरांच्या बाबतीत पाहिले तर, मध्य रेल्वेवर 2016 पर्यंत कुठे ना कुठे 1500 व्होल्टचा डीसी प्रवाह होता आणि कोकण रेल्वेला 2022 पर्यंत सलग तार नव्हती. मांडवी आणि कोकणकन्या वर्षानुवर्षे डिझेलवरच धावल्या, म्हणून पनवेलच्या फलाटावर उभे राहून अल्को ऐकणारी एक पिढी इथे तयार झाली. आज ते आवाज शंटिंगला, अपघात मदत गाडीला किंवा तारेचा प्रवाह बंद असतानाच्या कामांना उरले आहेत. म्हणून जे मिळेल ते नीट नोंदवा, असे मी आग्रहाने सांगतो.

नुसते धावत्या गाडीचे चित्रण पुष्कळ झाले आहे. थंड लोको सुरू होतानाचे, कॉन्टॅक्टरच्या ठोक्यापासून आयडल स्थिर होईपर्यंतचे सलग ध्वनिमुद्रण फार थोड्यांकडे आहे. मोबाइल आवाजाची पातळी आपोआप खालीवर करतो, त्यामुळे घरघर आणि गर्जना सारख्याच उंचीच्या वाटतात. ती सोय बंद करता आली तर करा. सोबत लोकोचा क्रमांक, वर्ग, होम शेड, हवामान आणि लोको किती वेळ बंद होता हे लिहून ठेवा. शेवटची माहिती नसेल तर धुराचा रंग पाहून काही अनुमान काढता येत नाही.

हे सगळे फलाटावरून किंवा सार्वजनिक पुलावरून करा. रुळांत किंवा यार्डात परवानगीविना शिरणे हा रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 प्रमाणे गुन्हा आहे, आणि शिक्षेपेक्षा गंभीर गोष्ट अशी, की वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. तिच्यापासून 2 मीटरच्या आत शरीर, छत्री किंवा सेल्फी स्टिक गेली तर स्पर्श व्हावाच लागत नाही. लोकोवर चढून काढलेले एकही छायाचित्र मी पाहू इच्छित नाही. कर्मचारी लोको सुरू करत असताना त्यांना हाक मारू नका. ते त्या वेळी कानांनी काम करत असतात.

डिझेल थोडे निवांतपणे पाहायचे असेल तर नेरळला जा. 1907 मध्ये सुरू झालेल्या दोन फूट रुंदीच्या माथेरान मार्गावर, 1:20 चा चढ चढणारे छोटे डिझेल लोको आहेत, आणि सकाळच्या गाडीआधीची तयारी फलाटावरून पुष्कळशी दिसते. यंत्र लहान आहे, पण पाणी, तेल, ब्रेक, गुटके हा क्रम तोच.

शेडच्या आत जायचे असेल तर वैयक्तिक अर्ज सहसा पुढे सरकत नाही; महाविद्यालयाच्या पत्रावर विभागप्रमुखांची सही घेऊन, गटाने, वरिष्ठ विभागीय यांत्रिक अभियंता (डिझेल) यांच्या नावे अर्ज करा, किंवा सुट्टीतल्या प्रशिक्षणासाठीच विचारा. परवानगी मिळाली तर कॅबमध्ये बसायचा आग्रह धरू नका. उघडून ठेवलेले सिलिंडर हेड दाखवा म्हणावे, त्यावर डिकम्प्रेशन प्लगची जागा पाहावी, आणि त्या दिवशी एखाद्या लोकोचे बारिंग होणार असेल तर तेवढा वेळ तिथे उभे राहू द्यावे अशी विनंती करावी. पायात बंद बूट हवेत, कान झाकायला काही तरी हवे, आणि कपडे असे घालावेत की त्यांना तेल लागले तरी चालेल.